मायक्रोवेव्हचं दार उघडताच फ्यूज का उडतो?

मायक्रोवेव्ह चालू आहे, आकड्यांवर पाच-सात सेकंद उरलेत. शेवटची ती पीं-पीं नको म्हणून कुणीतरी दार ओढतं, आतून ‘फट्’ असा आवाज येतो आणि सगळं ठप्प. दिवा नाही, आकडे नाहीत, पंखा नाही. प्लगमध्ये वीज आहे. दुरुस्तीला नेल्यावर कळतं की आतला फ्यूज गेलाय. नवा फ्यूज बसतो, ओव्हन आठवडाभर नीट चालतो आणि एके दिवशी दार उघडताना पुन्हा तेच.

मग दोनपैकी एक सल्ला हमखास मिळतो. ‘जरा जाड फ्यूज टाका’ किंवा ‘आतला एक स्विच काढून टाकला की कटकट मिटेल’. दोन्हींनी ओव्हन खरोखरच चालू होतो, आणि घोळ तिथेच आहे. कारण हा फ्यूज चुकून उडालेला नसतो. ओव्हननेच तो मुद्दाम उडवलेला असतो. असं का करायचं ठरवलं गेलं, हे समजायला दारामागचे तीन छोटे स्विच समजून घ्यावे लागतात.

## आधी दाराचं काम

ओव्हनच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाचा भाग असतो. तो सुमारे ४,००० व्होल्टवर चालतो आणि विजेपासून सूक्ष्मलहरी तयार करतो. त्यांची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे एका लहरीची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर. या लहरी धातूवरून परत फिरतात, म्हणून ओव्हनचं पोट पत्र्याचं असतं. दाराच्या काचेमागे दिसणारी जाळीही पत्र्याचीच. तिची भोकं एक-दोन मिलिमीटरची. बारा सेंटिमीटरच्या लहरीला ती पुरत नाहीत. प्रकाशाच्या लहरी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, त्यामुळे आतलं आपल्याला दिसतं.

खरी गंमत दाराच्या कडेला आहे. फ्रिजच्या दाराला रबरी पट्टी असते तशी इथे नसते. दार आणि चौकट यांच्यात बारीक फट राहतेच. पण दाराच्या कडेने आतल्या बाजूला एक चर असते, प्लॅस्टिकच्या पट्टीने झाकलेली. तिचा आतला मार्ग लहरीच्या पाव लांबीइतका, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर ठेवतात. फटीतून निसटू पाहणारी लहर चरीत शिरते, तळाला आपटून परत येते आणि तोंडाशी येईतो अर्ध्या लहरीचं अंतर चाललेली असते. त्यामुळे ती मागून येणाऱ्या लहरीच्या बरोबर उलट पडते. झोका आपल्याकडे येत असतानाच समोरून ढकलला तर तो जागीच मंदावतो, तसं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दारात कागद अडकवून तो सहज निघतो का हे पाहण्याची फ्रिजची युक्ती इथे निरर्थक आहे. कागद सहज निघाला म्हणून लहरी निघतात असं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. ही चर दार चौकटीला भिडलेलं असतानाच काम करते. दार थोडं जरी पुढे आलं की फट मोठी होते आणि चरीचं गणित बिघडतं. म्हणून दार हलायला लागताच, फट वाढायच्या आत, मॅग्नेट्रॉन बंद पडला पाहिजे. ही जबाबदारी स्विचांची.

## तो ‘टक’ आवाज कशाचा

दाराचे स्विच म्हणजे साधे मायक्रोस्विच. सुमारे २८ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर जाड अशी प्लॅस्टिकची डबी, वर इवलंसं बटण. आत स्प्रिंगसारखी पितळी किंवा तांब्याची पट्टी असते. केसांना लावायची टिकटॅक पिन आठवा. हळूहळू वाकवत नेली तरी ती मधेच थांबत नाही. एका ठरावीक जागी आली की ‘टक’ करून दुसऱ्या बाजूला उलटते. आतली पट्टीही तशीच उलटते. हात कितीही सावकाश चालला तरी आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणाऱ्या धातूच्या टिकल्या, झटक्यातच सुटतात किंवा भिडतात. पॉइंट रेंगाळत सुटले तर मधल्या हवेत ठिणगी जास्त वेळ टिकते आणि धातू वितळतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

अशा स्विचला जास्तीत जास्त तीन टोकं असतात. एक ‘कॉमन’. दुसरं ‘एनओ’, बटण दाबल्यावर कॉमनला जोडलं जाणारं. तिसरं ‘एनसी’, बटण मोकळं असताना जोडलेलं आणि दाबल्यावर सुटणारं. विजेच्या भाषेत स्विच ‘उघडा’ म्हणजे वीज जात नाही, आणि इथे तर दारही उघडतं. तो गोंधळ नको म्हणून पुढे स्विचसाठी ‘जोडलेला’ आणि ‘तुटलेला’ हेच शब्द वापरतो.

## दोन कुलपं आणि एक राखणदार

बहुतेक घरगुती ओव्हनच्या दाराला वर-खाली दोन हुक असतात. दार लावलं की ते चौकटीतल्या दोन खाचांत शिरतात आणि आत बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पाटीवरचे स्विच दाबतात. स्विच साधारण तीन. काही मॉडेलांत चार.

पहिला प्रायमरी स्विच. मॅग्नेट्रॉनसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला जाणारी मुख्य वीज यातूनच जाते. दार लागलं की जोडलेला, उघडलं की तुटलेला. दुसरा सेकंडरी. तो काही ओव्हनमध्ये दुसऱ्या तारेवर असतो, तर काहींत ‘दार लागलंय’ एवढंच कंट्रोल बोर्डाला सांगतो आणि ते कळल्याशिवाय बोर्ड रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर वीज जोडणारा-तोडणारा स्विच) ओढू देत नाही. ही झाली दोन कुलपं. एक नादुरुस्त झालं तरी दुसरं वीज तोडतं.

पण इथे एक पेच आहे. समजा प्रायमरी आतल्या आत चिकटला. दार उघडलं तरी सेकंडरी वीज तोडतोय, म्हणून ओव्हन बाहेरून ठणठणीत दिसतो. दोनपैकी एक कुलूप गेलंय हे कुणालाच कळत नाही. पुढे वर्षभराने दुसरंही गेलं, की ओव्हन दार उघडं ठेवून चालू राहील. राखीव वस्तू नकळत संपणं ही सुरक्षेतली जुनी दुखरी जागा आहे. गाडीतली स्टेपनी पंक्चर आहे हे स्टेपनी लागते तेव्हाच कळतं, तसं.

तिसरा, म्हणजे मॉनिटर स्विच, याच पेचावर उपाय म्हणून आहे. त्याची चाल उलटी: दार लागलं की तुटलेला, दार उघडलं की जोडलेला. आणि तो जोडलेला असतो तो थेट ट्रान्सफॉर्मरच्या वीज आत घेणाऱ्या गुंडाळीच्या (हिलाही ‘प्रायमरी’च म्हणतात) दोन टोकांवर आडवा. म्हणजे दार उघडलं की तो चक्क शॉर्ट करून ठेवतो.

एरवी या शॉर्टने काही बिघडत नाही, कारण प्रायमरीने आधीच वीज तोडलेली असते. पाणी बंद असलेल्या नळाला बूच लावल्यासारखं. पण प्रायमरी चिकटलेला असेल तर शॉर्टच्या जागी पूर्ण वीज येऊन थडकते, शेकडो अँपिअरचा लोंढा निघतो आणि ८ ते १२ अँपिअरचा फ्यूज क्षणात जातो. कधीकधी घरचा एमसीबीही पडतो. तो पडू नये म्हणून काही कंपन्या या वाटेवर कमी ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला आवर घालणारा भाग, घालतात.

राखणदाराला कुलूप दुरुस्त करता येत नाही. त्याच्याकडे फक्त कुऱ्हाड आहे, आणि कुलूप उघडं सापडलं की ती तो वीज येणाऱ्या तारेवर चालवतो. ओव्हन कायमचा गप्प होतो, उघडून दुरुस्त करेपर्यंत. म्हणजे पहिला बिघाड लपून राहू शकत नाही.

ही कल्पना कंपन्यांच्या चांगुलपणावर सोडलेली नाही. अमेरिकेत ऑक्टोबर १९७१ पासून तयार होणाऱ्या ओव्हनना किमान दोन दार-स्विच सक्तीचे झाले आणि ऑगस्ट १९७४ पासून कुलूप निकामी झाल्याचं ओळखून ओव्हन बंद पाडणारी सोयही. त्याच नियमात आणखी एक अट आहे: किमान एक स्विच असा दडवलेला हवा की बोटाने किंवा १० सेंटिमीटर सरळ आत जाणाऱ्या वस्तूनेही दाबता येऊ नये. दार उघडं ठेवून चमच्याच्या दांड्याने ओव्हनला फसवू पाहणारी मुलं (आणि मोठी माणसं) नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर होती.

## आधी कोण, मग कोण

तीनही स्विच धड असूनही ओव्हन फ्यूज उडवू शकतो. क्रम चुकला की झालं.

दार लावताना आधी मॉनिटर तुटायला हवा, मगच प्रायमरी आणि सेकंडरी जोडले जावेत. उघडताना बरोबर उलट: आधी प्रायमरी-सेकंडरी तुटले पाहिजेत, शेवटी मॉनिटर जोडला जावा. एका क्षणासाठीही प्रायमरी आणि मॉनिटर दोघं मिळून जोडलेले राहिले, की फ्यूज गेलाच समजा.

हा क्रम कुठलाही कॉम्प्युटर ठरवत नाही. हुकाचा आकार, पाटीवरच्या प्लॅस्टिकच्या दांड्या आणि स्विचांच्या जागा, एवढ्यावर तो अवलंबून असतो. हुकाच्या चालीतला फरक फार तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. म्हणून पाटीचे दोन स्क्रू ढिले झाले, पाटीला बारीक तडा गेला, हुकाचं टोक झिजलं किंवा बिजागरी लोंबून दार खाली आलं, तरी क्रम डळमळतो. दुरुस्ती करणाऱ्याला तीनही स्विच मल्टीमीटरवर चोख मिळतात आणि तो चक्रावतो.

दार आपटण्याची सवय इथेच नडते. दार आपटलं की काच फुटत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. प्रत्येक आपटण्याचा दणका मात्र हुकांमार्फत त्या पाटीला बसतो.

## स्विच मरतो तो कसा

घरगुती ओव्हनची दारं लाखभर वेळा उघडझाप करून तपासण्याची पद्धत आहे. रोज दहा वेळा दार उघडलं तर लाखाला २७ वर्षं लागतील. मग पाच-सात वर्षांतच स्विच का जातात? कारण सगळ्या उघडझापी सारख्या नसतात.

तुम्ही आधी स्टॉप दाबला, तर वीज रिले तोडतो. मग दार उघडताना स्विचमधून काहीच जात नसतं, पॉइंट कोरडे सुटतात. ओव्हन चालू असतानाच दार ओढलं तर चित्र वेगळं. २३० व्होल्टच्या ओव्हनमध्ये त्या वेळी ५-६ अँपिअर वाहत असतात आणि पुढे ट्रान्सफॉर्मरची भलीमोठी गुंडाळी असते. गुंडाळीतला प्रवाह तोडताना वीज सहजी थांबत नाही. पॉइंटांच्या मधून ठिणगी ओढते. प्रत्येक ठिणगीने पॉइंटवर सूक्ष्म खड्डा पडतो. खडबडीत पॉइंट कमी जागी टेकतो, तिथे जास्त तापतो, आणि एके दिवशी दोन्ही पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात. शेवटच्या पाच सेकंदांची पीं-पीं टाळण्याची ही किंमत. स्विच तेवढं सहन करायला बनवलेले असतात हे खरं, पण त्यांचा हिशेब फुकटचा नाही.

गोल नॉबचा टायमर असलेल्या ओव्हनमध्ये उलटी गोष्टही घडते. टायमरमध्ये वेळ शिल्लक असताना दार लावलं की ओव्हन तिथल्या तिथे सुरू होतो, म्हणजे वीज जोडायचं कामही दाराच्या स्विचच्या गळ्यात. आणि ट्रान्सफॉर्मर सुरू होतानाचा पहिला झटका चालू प्रवाहाच्या कितीतरी पट असतो. अशा ओव्हनमध्ये दार उघडण्याआधी नॉब शून्यावर आणला तर स्विचचं आयुष्य वाढतं.

दुसरी तऱ्हा तापण्याची. स्विचच्या टोकावर तारेची चपटी क्लिप खोचलेली असते. ती सैल झाली की तिथे उष्णता साठते, क्लिप काळवंडते, डबीचं प्लॅस्टिक तपकिरी पडून मऊ होतं आणि बटण दाबलेल्या अवस्थेतच रुतून बसतं. पॉइंट चिकटलेले नाहीत, पण परिणाम तोच. अशा ठिकाणी स्विच बदलून जुनी सैल क्लिप तशीच खोचली तर नवा स्विचही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो.

तिसरी तऱ्हा ओलाव्याची आणि तेलकट वाफेची. खाचांमधून वाफ आत जाते, बटण चिकट होतं, परत वर यायला आळस करतं. साफ करताना खाचांवर फवारा मारणं हे तर स्विचवर पाणी ओतण्यासारखंच. फवारा फडक्यावर मारावा आणि फडकं पिळून पुसावं.

हे सगळे बिघाड कधी ना कधी आवाज करतात. एक मात्र अगदी मुका आहे: मॉनिटरचे पॉइंट जळून जाणं. तो जोडलाच जात नाही, म्हणून फ्यूज कधी उडत नाही, ओव्हन वर्षानुवर्षं मजेत चालतो. राखणदार झोपलाय हे बाहेरून कळायला काहीच मार्ग नाही. हे मीटर लावूनच सापडतं. आणि हा बिघाड बहुतेकदा कधी होतो? एकदा फ्यूज उडवल्यानंतर. शॉर्टचा तो सगळा लोंढा त्याच्याच इवल्या पॉइंटांतून गेलेला असतो. म्हणून कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तिकांत नियम असतो: मॉनिटरमुळे फ्यूज उडाला असेल तर फ्यूज, प्रायमरी आणि मॉनिटर हे तिन्ही एकत्र बदला, मीटरवर चांगले दिसले तरी.

## फ्यूज नेमका कधी गेला, हे आठवा

दुरुस्तीला देताना ‘बंद पडला’ एवढंच सांगण्यापेक्षा कोणत्या क्षणी बंद पडला हे सांगितलं, तर अर्धं निदान तिथेच होतं.

दार उघडताना गेला: प्रायमरी चिकटलाय किंवा क्रम बिघडलाय. काही ओव्हनच्या वायरिंगमध्ये हे दार नुसतं उघडलं तरी होतं, काहींत ओव्हन चालू असताना उघडलं तरच.

दार लावताना, किंवा दार लावून स्टार्ट दाबताच गेला: मॉनिटर तुटत नाहीये. त्याचा स्विच चिकटलाय, त्याला दाबणारी दांडी मोडलीय किंवा हुकाचं टोक तुटलंय. स्टार्ट दाबल्यावर आधी मोठा घूंऽऽ आवाज येऊन मग गेला असेल तर दाराला दोष देऊ नका. तिथे मॅग्नेट्रॉनला जास्त व्होल्ट पुरवणाऱ्या भागांवर, म्हणजे कपॅसिटर, डायोड किंवा ट्रान्सफॉर्मरवर संशय घ्यावा.

फ्यूज शाबूत, आकडे दिसतात, पण स्टार्ट घेतच नाही: बोर्डाला दार लागल्याचं कळत नाहीये. सेकंडरी किंवा त्याचा हुक पाहावा. दार वर उचलून किंवा दाबून धरलं की सुरू होत असेल, तर दोष जवळजवळ नक्की हुकात, पाटीत किंवा बिजागरीत आहे. बरेच लोक महिनोन्महिने दाराला गुडघा लावून ओव्हन चालवतात. दार ढिलं असल्याचीच ती कबुली असते.

दिवा, ताट, पंखा सगळं चालतं पण गरम होत नाही: प्रायमरीचे पॉइंट जळून तुटलेले असू शकतात. मॅग्नेट्रॉनपासून डायोडपर्यंत इतर कारणंही असतात, पण स्वस्तातला स्विच आधी तपासावा.

दार उघडं असताना आतला दिवा लागणं बहुतेक मॉडेलांत नेहमीचंच. ताट फिरत राहिलं, आकडे उतरत राहिले किंवा ती नेहमीची घरघर चालूच राहिली, तर मात्र प्लग काढा आणि दुरुस्तीपर्यंत लावू नका.

## ‘पण मॉनिटर काढला तरी चालतो की!’

चालतोच. मॉनिटर पदार्थ गरम करायला काहीच मदत करत नाही. तो काढल्यावर उरतो तो चिकटलेला प्रायमरी आणि एकटा सेकंडरी. आता दार उघडल्यावर वीज तुटणं त्या एका स्विचवर किंवा त्याने दिलेल्या निरोपावर चालणाऱ्या रिलेवर अवलंबून, आणि रिलेचे पॉइंटही चिकटतात. मग एक दिवस दार उघडेल, घरघर चालू असेल, आणि तिकडे हात आत गेलेला असेल.

फ्यूजच्या जागी तार गुंडाळली तरी तोच प्रकार, वर आगीची भर. शॉर्ट होणारच, पण फ्यूज तोडत नाही म्हणून वायर, क्लिप आणि स्विच तापत राहतात. फ्यूजवर लिहिलेले अँपिअर, व्होल्ट आणि तो जलद आहे की मंद, हे तिन्ही जुन्याशी जुळलं पाहिजे.

## दार उघडल्यावर आत ‘उरलेल्या’ लहरी?

उरत नाहीत. आरशांच्या खोलीतला दिवा विझवला तर आरशांत प्रकाश साठून राहत नाही. मॅग्नेट्रॉन थांबला की ओव्हनच्या पोटातल्या लहरी मायक्रोसेकंदाच्याही आत पदार्थात आणि पत्र्यात जिरतात. मॅग्नेट्रॉन स्वतः थांबायला त्याहून किंचित जास्त वेळ घेतो, तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत.

त्या किंचित वेळाचा एक गमतीशीर पुरावा ऑस्ट्रेलियात सापडला. पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र स्पंदनं मिळत होती. २०१५ मध्ये उलगडा झाला: वेळ संपायच्या आत कुणी तिथल्या मायक्रोवेव्हचं दार ओढलं की थांबता थांबता मॅग्नेट्रॉन एक क्षीण चिरक सोडायचा, आणि दुर्बिणीचं तोंड योग्य दिशेला असलं तर ती पकडली जायची. अंतराळातून येणारे अतिक्षीण संदेश टिपणाऱ्या यंत्राला जे ऐकू आलं, त्याने शेजारी उभ्या माणसाचा हात भाजत नाही.

## गळती किती झाली तर जास्त?

अमेरिकी नियमानुसार ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर, नवा असताना चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट आणि नंतर आयुष्यभर ५ मिलिवॉट ही कमाल मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय मानकातला ५० वॉट प्रति चौरस मीटर हा आकडा म्हणजे तेच ५ मिलिवॉट. एखाद्या बारीक फटीतून निघणारी गळती अंतराबरोबर झपाट्याने उतरते. ५ सेंटिमीटरवर जेवढी असेल त्याच्या सुमारे शंभराव्या भागावर ५० सेंटिमीटरला येते.

या लहरी क्ष-किरणांसारखे अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावत नाहीत, त्या तापवतात. म्हणून धोका भाजण्याचा, आणि त्यातही डोळ्यांचा जास्त, कारण डोळ्याच्या भिंगात उष्णता वाहून न्यायला रक्तवाहिन्या नाहीत.

मोबाइल आत ठेवून बाहेरून रिंग देण्याची परीक्षा (ओव्हन अर्थातच बंद ठेवून) बरीच प्रसिद्ध आहे. तिच्यावरून काहीच ठरत नाही. मोबाइल अत्यंत क्षीण संदेशावर वाजतो, आणि त्याच्या वारंवारता बहुधा वेगळ्या असतात. चर तर २,४५० मेगाहर्ट्झसाठीच मापलेली आहे. वायफाय अडखळतं तेही गळतीचं लक्षण म्हणून धरू नये. वायफायचा एक पट्टा याच वारंवारतेवर चालतो आणि त्याचा संदेश इतका नाजूक असतो की नियमात बसणाऱ्या गळतीनेही तो गोंधळतो.

## झाकण न उघडता काय पाहता येतं

प्लग काढा. दार अगदी सावकाश लावा आणि कान द्या. एकामागोमाग दोन-तीन ‘टक’ ऐकू यायला हवेत, उघडताना पुन्हा तेवढेच. एखादा कमी वाटला किंवा दर वेळी वेगळाच ऐकू आला, तर स्विच नाही तर पाटी अडकतेय.

दार लावून कोपऱ्यांशी पुढे-मागे हलवून बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खेळ चालतो. डोळ्यांना सहज दिसेल एवढी हालचाल असेल तर पाटी किंवा बिजागरी आवळायला झालीय. दोन्ही हुक बोटाने दाबून सोडा. स्प्रिंगने लगेच परत यायला हवेत. टोकं एकसारखी आणि न तुटलेली हवीत. मोडलेला हुक गोंदाने चिकटवू नका, चिकटवलेला हुक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे बसला तरी क्रम बिघडतो.

शेवटी आत पेलाभर पाणी ठेवून ओव्हन चालू करा आणि ओढून उघडायचं दार असेल तर अगदी हळू ओढा. फट दिसायच्या आत घरघर थांबली पाहिजे.

## झाकणाच्या आतलं काम कुणाचं

इथे थांबावं. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन-अडीच हजार व्होल्ट राहू शकतात. त्यात एक रेझिस्टर असतो आणि तो धड असेल तर मिनिटाभरात चार्ज उतरतो. तो तुटलेला असेल तर उतरत नाही, आणि बाहेरून ओळखता येत नाही. जाणकार मेकॅनिक प्लग काढून, थांबून, कपॅसिटर इन्सुलेटेड अवजाराने शॉर्ट करून मगच हात घालतो.

तो पुढे काय करतो हे ठाऊक असलं तर विचारता येतं. सुटा काढलेला प्रायमरी मीटरवर धरला की कॉमन आणि एनओ यांच्यात बटण मोकळं असताना काहीच नको, दाबल्यावर एक ओहमच्या आत. मॉनिटरला कॉमन आणि एनसी, बरोबर उलट. मग ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी गुंडाळीची एक तार सोडवून, ट्रान्सफॉर्मरला वीज आणणाऱ्या दोन तारांवर मीटर: दार उघडं असताना शॉर्ट दिसलाच पाहिजे, लावलं की सुटला पाहिजे. रेझिस्टर असलेल्या ओव्हनमध्ये शॉर्टच्या जागी त्याचे ओहम दिसतील. झोपलेला राखणदार सापडतो तो या एकाच परीक्षेत, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते.

नवा स्विच घेताना दिसायला सारखा असणं पुरत नाही. दोन टोकांचे एनओ आणि एनसी स्विच बाहेरून जुळे भाऊ असतात. एनसीच्या जागी एनओ बसला तर मॉनिटर दार लावल्यावर शॉर्ट करतो आणि नवा फ्यूज पहिल्याच चाचणीत जातो; तो ‘ओव्हनचाच दोष’ समजून मग तार गुंडाळली जाते. डबीवर १५ किंवा १६ अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं असावं. ५ अँपिअरचा स्विचही त्याच खाचेत छान बसतो आणि काही आठवड्यांत चिकटतो.

काम संपल्यावर गळतीचं मोजमाप व्हायला हवं: आत २७५ मिलिलिटर पाणी, ओव्हन पूर्ण ताकदीवर, गळती मोजणाऱ्या मीटरचा शोधक दाराच्या चारही कडांनी आणि जाळीवरून ५ सेंटिमीटर अंतर राखत सावकाश फिरवायचा. दाराची कुठलीही कड ओढून धरल्यावर, जेवढी ओढता येईल तेवढी, तिथेही एकदा.